टचस्क्रीन फलक आणि कॅड सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात किंवा बैठकीच्या खोलीत मोठा इंटरॅक्टिव्ह फलक बसला की त्यावर ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, स्केचअप यांसारखी कॅड सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकावर नकाशे आणि मॉडेल काढण्याची सॉफ्टवेअर, चालवून पाहण्याचा मोह प्रत्येक ड्राफ्ट्समनला आणि शिक्षकाला होतो. पहिल्या तासाभरात कौतुक ओसरते आणि प्रश्न सुरू होतात. त्यांतील नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

कॅडचे संपूर्ण ड्रॉइंग फलकावर बोटाने काढता येते का?

काढता येते, पण काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फलकाची खरी जागा ड्रॉइंग तपासताना, समजावताना आणि चारचौघांत निर्णय घेताना आहे. ड्रॉइंग उभारण्याचे काम माउस आणि कीबोर्ड अधिक वेगाने, अधिक अचूक आणि खांदे न दुखवता करतात. ज्यांनी ही विभागणी मान्य केली त्यांना फलक आवडतो. ज्यांनी त्याच्याकडे मोठा मॉनिटर म्हणून पाहिले त्यांचा फलक दोन महिन्यांत सादरीकरणापुरता उरतो.

तरीही कोणती कामे फलकावर खरोखर चांगली होतात?

ज्या कामात हाताने दाखवण्याला महत्त्व आहे ती सगळी. जिन्याचे वळण कोठे अडते आहे, पाइप तुळईतून जातो की खालून, एखादा पार्ट असेंब्लीत, म्हणजे जोडलेल्या भागांच्या मॉडेलमध्ये, कोणत्या बाजूने घालायचा, हे माउसच्या इवल्याशा बाणाने दाखवले तर मागे बसलेल्याला तो बाण शोधावा लागतो. तेच फलकाजवळ उभे राहून हाताने दाखवले तर शोधण्याचा प्रश्नच येत नाही. लेअर (ड्रॉइंगचे एकावर एक ठेवलेले थर) चालू-बंद करणे, छेद फिरवणे, दोन पर्याय आलटून पालटून दाखवणे, एखादे माप मोजून दाखवणे, चुकलेल्या जागेभोवती ढगाच्या आकाराची खूण काढणे, ही कामे स्पर्शाने सहज होतात. नवीन भिंतींची साखळी काढणे, मापे टाकणे आणि हॅच (रेघांची नक्षी) भरणे मात्र टेबलावरच करावे.

फलक किती इंचाचा असावा?

कॅडसाठी या प्रश्नाचे उत्तर कागदाच्या आकारातून काढता येते. सोळास नऊ प्रमाणाचा ६५ इंची पडदा सुमारे १४३९ मिलिमीटर रुंद आणि ८१० मिलिमीटर उंच असतो; ए-० कागद ११८९ बाय ८४१ मिलिमीटर असल्यामुळे तो त्यावर खऱ्या आकारात मावत नाही, ए-१ मात्र ऐसपैस मावतो. ७५ इंची पडद्याची उंची सुमारे ९३४ मिलिमीटर असल्याने ए-० मावतो खरा, पण वर-खाली मिळून जेमतेम ९ सेंटिमीटर उरतात आणि रिबन (सॉफ्टवेअरची बटणांची पट्टी) व टास्कबार मिळून तेवढी जागा सहज खातात. ऑटोकॅडमध्ये कंट्रोल आणि शून्य ही कळ एकत्र दाबून पडदा मोकळा केला आणि टास्कबार लपवला, तर काम भागते. ८६ इंची पडदा सुमारे १९०४ बाय १०७१ मिलिमीटर असतो. त्यावर ए-० ठेवून शेजारी लेअरची यादीही उघडी ठेवता येते.

पडद्याला स्वतःचा खरा आकार ठाऊक नसतो, त्यामुळे पीडीएफ उघडून १०० टक्के निवडले म्हणजे कागद खऱ्या आकारात दिसलाच असे समजू नये. ड्रॉइंगमधील कागदावर १०० मिलिमीटर येईल अशी एक रेघ काढावी, फलकावर स्टीलची पट्टी ठेवून ती मोजावी आणि पट्टीशी जुळेपर्यंत झूम करावे. हा एक मिनिटाचा खटाटोप आहे, पण त्यानंतर फलकावर हात ठेवून बोलताना माणसे प्रमाणाचे भान ठेवून बोलतात.

मागच्या रांगेतल्यांना मजकूर वाचता येईल का?

खऱ्या आकारातला नाही. अर्ध्या मीटरवरून सहज वाचता येणारी २.५ मिलिमीटर उंचीची अक्षरे पाच मीटरवरून तितकीच मोठी दिसायची, तर ती २५ मिलिमीटर उंच करावी लागतात. म्हणजेच संपूर्ण ए-० कागद एकदा ओळखीपुरता दाखवावा आणि नंतर चर्चेच्या भागावर दसपट झूम करूनच बोलावे. ज्या जागांवर चर्चा व्हायची आहे त्यांचे व्ह्यू, म्हणजे झूम केलेली दृश्ये, नाव देऊन आधीच जतन करून ठेवले, तर सभेत झूम करत भटकावे लागत नाही.

बोटाने नेमका बिंदू का पकडता येत नाही?

बोटाचे टोक साधारण एक सेंटिमीटर रुंद असते. १:१०० प्रमाणात खऱ्या आकारात दाखवलेल्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. म्हणजे तुम्ही ९०० मिलिमीटरच्या दरवाजाच्या चौकटीचा कोपरा निवडायला जाता, तेव्हा चौकट, पल्ला आणि त्याचा चाप हे सगळेच बोटाखाली झाकले जाते. सॉफ्टवेअरला त्यातला एकच बिंदू कळतो, आणि तो तुम्हाला वाटलेला बिंदू असेलच असे नाही. शिवाय चौकटीतून अवरक्त किरण सोडून स्पर्श ओळखणाऱ्या फलकांत आणखी एक ते दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो; त्याच प्रमाणात तो १०० ते २०० मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ एका भिंतीची जाडी.

यावर उपाय तीन, आणि ते एकत्रच वापरावे लागतात. पहिला, निवडण्याआधी झूम करणे. दुसरा, ऑब्जेक्ट स्नॅपमध्ये (जवळच्या नेमक्या बिंदूला आपोआप चिकटण्याच्या सोयीत) एंडपॉइंट म्हणजे रेघेचे टोक आणि इंटरसेक्शन म्हणजे छेदबिंदू एवढेच चालू ठेवणे, कारण सगळे स्नॅप चालू असले की बोट कोणत्या बिंदूला चिकटेल याचा भरवसा राहत नाही. रेघेवरच्या कोणत्याही जवळच्या बिंदूला चिकटणारा निअरेस्ट तर आवर्जून बंद ठेवावा. तिसरा, बारीक टोकाचा पेन वापरणे. पेनमुळे अचूकता वाढते हे खरे, पण त्याहून मोठा लाभ असा की टोकाशेजारचे ड्रॉइंग डोळ्यांना दिसत राहते.

माउसवर आपोआप घडणाऱ्या गोष्टी फलकावर का घडत नाहीत?

कारण माउसला एक मधली अवस्था असते: बाण वस्तूवर आला आहे, पण बटण दाबलेले नाही. कॅडचा निम्मा शहाणपणा या अवस्थेवर उभा आहे. रेघ उजळणे, स्नॅपचे चिन्ह उमटणे, पुढची रेघ कशी पडेल याची झलक दिसणे, आयकॉनचे नाव समजणे, हे सगळे दाबण्याआधी घडते. बोट मात्र एक तर हवेत असते, नाही तर टेकलेले असते. म्हणून फलकावर नवखा माणूस सतत एस्केप शोधताना दिसतो. विद्युतचुंबकीय पद्धतीच्या काही फलकांचा खास पेन पडद्यापासून थोडा वर असतानाही ओळखला जातो. कॅड हेच मुख्य काम असेल तर खरेदीआधी नेमके हे विचारावे. साध्या रबरी टोकाच्या पेनने हे साधत नाही.

राइट क्लिकसाठी बोट किंवा पेन दाबून धरावा, चौकोन दिसला की सोडावा. तसे होत नसेल तर विंडोजच्या पेन अँड टच सेटिंगमध्ये दाबून धरण्याची कृती चालू आहे का ते पाहावे.

मॉडेल फिरवताना ते हातातून निसटते. काय करावे?

चिमटीने झूम बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चालते. पण एका बोटाने ओढल्यावर काय होईल आणि दोन बोटांनी काय, हे प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापले ठरवलेले आहे. कोठे एका बोटाने मॉडेल फिरते, कोठे निवडीचा चौकोन पडतो. त्यामुळे नवीन सॉफ्टवेअर फलकावर नेण्याआधी रिकाम्या खोलीत दहा मिनिटे सराव करावा. आयत्या वेळी इमारत उलटी झाली की चर्चा तिथेच विस्कटते, आणि मुक्त ऑर्बिट (मॉडेल कोणत्याही दिशेने फिरवण्याची पद्धत) वापरल्यास ती उलटी होतेच. उभा अक्ष स्थिर ठेवणारे ऑर्बिट निवडावे, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला व्ह्यूक्यूब, म्हणजे दिशा दाखवणारा घन, मोठा करून ठेवावा. त्याच्या पृष्ठावर एकदा टेकले की मॉडेल सरळ उभे राहते.

सॉलिडवर्क्सने २०१८ च्या आवृत्तीत टच मोड आणला आणि पेनाने काढलेल्या मोकळ्या रेषांचे स्केचमधील रेषा व वर्तुळांत रूपांतर करण्याची सोयही दिली. ऑटोकॅडमध्ये टचमोड या सेटिंगचे मूल्य १ केले की रिबनवर स्पर्शासाठीचे छोटे पॅनेल येते.

कीबोर्डशिवाय काम करता येईल का?

पडद्यावरचा कीबोर्ड निम्मे ड्रॉइंग झाकतो आणि त्यावर मापे टाइप करणे कंटाळवाणे असते, म्हणून वायरलेस कीबोर्ड हाताशी हवाच. याबाबत इतिहासातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटी येथे सादर केलेला स्केचपॅड हा आजच्या कॅडचा पूर्वज. त्यात थेट पडद्यावर प्रकाश-पेनाने रेघा काढल्या जात असत, म्हणजे पडद्याला टेकून काढणे ही नवी कल्पना नव्हे. पण त्या वेळीही दुसरा हात बटणांच्या पेटीवर असे, कारण रेघ संपली, आता वर्तुळ सुरू झाले, हे यंत्राला बटणाने सांगावे लागे. एका हाताने दाखवायचे आणि दुसऱ्याने सांगायचे, ही जोडी तेव्हापासून सुटलेली नाही.

फलकावर ही जोडी दोन माणसांत वाटून घेणे सर्वांत सोयीचे ठरते. एक जण फलकाशी उभा राहून बिंदू दाखवतो, दुसरा टेबलाशी बसून कमांड आणि मापे टाइप करतो. शिकवताना तर ही पद्धत फार उपयोगी पडते: कीबोर्डवर एक विद्यार्थी, फलकावर दुसरा, आणि फलकावरच्याने प्रत्येक पाऊल तोंडाने सांगायचे. ज्याला कमांड नीट समजलेली नाही तो तेथेच अडखळतो आणि शिक्षकाला वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.

ऑटोकॅडमध्ये कोणती सेटिंग बदलावीत?

पिकबॉक्सचे (वस्तू निवडणाऱ्या चौकोनाच्या आकाराचे) मूळ मूल्य ३ असते, ते १० च्या आसपास न्यावे. ग्रिपसाइझ, म्हणजे निवडलेल्या वस्तूवर पकडीसाठी उमटणाऱ्या छोट्या चौकोनांचा (ग्रिपचा) आकार, ५ वरून १२ ते १५ करावी. विंडोजचे डिस्प्ले स्केलिंग १५० ते २०० टक्के ठेवावे, नाहीतर ४के (खूप बारीक ठिपक्यांच्या) पडद्यावर आयकॉन बोटाला सापडत नाहीत. रिबन पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेला उभी लावता येते. ती अवश्य लावावी, कारण मोठ्या फलकावर वरची कड बुटक्या माणसाच्या हाती येत नाही. कमांड लाइन खाली आणि मोठ्या अक्षरांत ठेवावी, म्हणजे काय चालले आहे ते बघणाऱ्यांनाही कळते. हे सगळे वेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या स्वतंत्र संचात, जतन करावे. तसे न केल्यास दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर भलेमोठे ग्रिप पाहून आपणच वैतागतो.

फलकावर केलेल्या खुणा ड्रॉइंगमध्ये जातात का?

सर्वांत जास्त घोटाळा येथे होतो, म्हणून उत्तर जरा लांबवतो. फलकासोबत येणाऱ्या पेनच्या सॉफ्टवेअरची शाई पडद्यावर पसरलेल्या पारदर्शक काचेसारख्या थरावर उमटते. ती ड्रॉइंगला चिकटलेली नसते. ड्रॉइंग सरकवले की शाई जागेवरच राहते आणि खालचे ड्रॉइंग पुढे जाते.

आमच्या एका बैठकीत दोन खांबांपैकी डावीकडच्या खांबाभोवती लाल वर्तुळ काढून तो हलवायचे ठरले. बोलता बोलता कोणीतरी चिमटीने थोडे झूम केले, वर्तुळ उजवीकडच्या खांबावर आले, आणि शेवटी घाईत जो स्क्रीनशॉट घेतला त्यात वर्तुळ अगदी नेटकेपणाने चुकीच्या खांबाभोवती होते. दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट्समनने चित्र पाहून निमूटपणे तोच खांब हलवला. त्याची काहीच चूक नव्हती. तेव्हापासून आमचा नियम असा: शाई वापरायची तर पडदा आधी स्थिर करायचा, खूण होताच स्क्रीनशॉट घ्यायचा, शाई पुसायची, आणि मगच झूमला हात लावायचा.

खुणा टिकाऊ हव्या असतील तर त्या ड्रॉइंगच्या आतच केलेल्या बऱ्या. साधा मार्ग म्हणजे तपासणीसाठी ठळक रंगाचा स्वतंत्र लेअर आणि त्यावर रिव्हिजन क्लाउड, म्हणजे बदलाच्या जागेभोवतीची ढगासारखी खूण. तो ढग ड्रॉइंगसोबत हलतो आणि नंतर लेअर बंद करून लपवता येतो. ऑटोकॅड २०२२ पासून ट्रेस ही सोय आहे. तिच्यात मूळ ड्रॉइंगला धक्का न लावता वर ट्रेसिंग पेपर ठेवल्यासारख्या खुणा करता येतात. पीडीएफवर हाताने केलेल्या खुणा ड्रॉइंगवर आणून बसवण्याची सोय २०२३ च्या आवृत्तीत आली.

चित्र दिसते, पण स्पर्श चालत नाही. असे का?

एचडीएमआयच्या केबलमधून चित्र जाते, स्पर्श परत येत नाही. त्यासाठी फलकापासून संगणकापर्यंत वेगळी यूएसबी केबल लावावी लागते. यूएसबी-सीची एकच केबल दोन्ही कामे करते, मात्र संगणकाच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर पडण्याची सोय असायला हवी. केबल लांब असेल तर स्पर्श मधूनच तुटतो. यूएसबी २ ची साधी केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची, त्यापुढे सिग्नल वाढवणारी केबल घ्यावी.

फलकाला बोट लावले की लॅपटॉपच्या पडद्यावर क्लिक होते, यावर उपाय काय?

दोन पडदे जोडलेले असताना कोणत्या पडद्याचा स्पर्श कोणता, हे विंडोजला सांगावे लागते. कंट्रोल पॅनेलमधील टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये सेटअप दाबावे; पडद्यावर सूचना उमटते, ती फलकावर दिसली की फलकाला बोट लावावे आणि लॅपटॉपवर दिसली तर एंटर दाबून पुढे जावे.

मॅकवर काय होते?

मॅकओएसमध्ये बहुस्पर्शी पडद्यांसाठी मूळची सोय नाही. फलकाच्या कंपनीने मॅकसाठी ड्रायव्हर दिला असेल तरच तो घालून काम करता येते. खरेदीआधी खात्री करावी.

फलकाच्या आतल्या संगणकावर कॅड चालेल का?

बहुतेक फलकांत अँड्रॉइड असते. त्यावर मूळ ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स चालत नाही. फार तर ड्रॉइंग पाहण्याचे ॲप किंवा ब्राउझरमधील कॅड चालते. फलकाच्या खाचेत बसणारा विंडोज संगणक घेतला तरी त्यात बहुधा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. द्विमितीय नकाशांना तो पुरतो, मोठी असेंब्ली फिरवताना अडखळतो. फलकावरचे अडखळणे टेबलावरच्यापेक्षा जास्त खुपते, कारण बोट पुढे गेलेले असते आणि मॉडेल मागून येते. त्यामुळे नेहमीचे वर्कस्टेशनच जोडावे, आणि एचडीएमआय २.० केबल व पोर्ट वापरावेत, १.४ मध्ये ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि तो फरक ऑर्बिट करताना डोळ्यांना जाणवतो. वायरलेस जोडणीत उशीर आणखी वाढतो. दाखवण्यापुरती ती ठीक आहे, बोटाने काम करायला नको.

पार्श्वभूमी काळी ठेवावी की पांढरी?

उजेड असलेल्या खोलीत काळ्या चकचकीत पडद्यावर खिडकीचे आणि स्वतःचे प्रतिबिंब दिसते, म्हणून पांढरी बरी. मात्र काळ्यावर उठून दिसणारे पिवळे आणि फिकट निळे लेअर पांढऱ्यावर नाहीसे होतात. बैठकीआधी ते गडद करून घ्यावेत. रेषांची जाडी दाखवणारे बटण चालू ठेवावे, नाहीतर भिंत आणि मापरेषा दुरून सारख्याच दिसतात.

हात न लावता फलकावर क्लिक होतात. बिघाड आहे का?

बहुधा नाही. अवरक्त किरणांच्या फलकात कडेला साचलेली धूळ, चौकटीला चिकटवलेला कागद किंवा थेट पडणारे ऊन यांमुळे किरण अडतात अथवा गोंधळतात आणि फलकाला तो स्पर्श वाटतो. सैल बाहीचा शर्टसुद्धा पुरतो, कारण काचेला टेकण्याआधीच तो किरणांच्या वाटेत येतो. कॅडमध्ये अशा एका क्लिकने नकळत भिंत सरकू शकते. फलक बंद करून चौकटीच्या आतल्या कडा कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात. प्रोजेक्टरवर चालणाऱ्या फलकात मात्र प्रोजेक्टर किंवा फलक किंचित हलला तरी कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते, आणि कॅडसाठी ते अधिक बिंदूंवर करणे हिताचे असते.

थोड्या वेळात खांदा भरून येतो. उंची चुकली आहे का?

उंचीने थोडा फरक पडतो, पण उभ्या पडद्यावर हात उचलून काम केले की खांदा दुखणारच. या त्रासाला इंग्रजीत ‘गोरिला आर्म’ असे नावही पडलेले आहे. फलक वर-खाली होणाऱ्या स्टँडवर बसवता आला तर उत्तम. एरवी चर्चेचा भाग दर वेळी पॅन करून (सरकवून) छाती ते कोपर या उंचीवर आणावा आणि सलग दहा-पंधरा मिनिटांनंतर पेन दुसऱ्याच्या हाती द्यावा.